मेंदूच्या कापाच्या धातू-नकाशात पट्टे, शेपट्या आणि जाळी: दोष कुठे आहे ते कसं शोधायचं

लेझर अ‍ॅब्लेशन आयसीपी-एमएसने (लेझरने कापातला माल उडवायचा, तप्त प्लाझ्मात त्याचे आयन करायचे आणि ते वस्तुमानानुसार मोजायचे, या पद्धतीने) मेंदूच्या पातळ कापावर लोह, तांबे, जस्त आणि मँगॅनीज यांचे नकाशे काढणाऱ्यांसाठी हा लेख आहे. तक्रार बहुतेक वेळा एकच असते. नकाशा येतो, रंगही छान येतात, पण त्यात मेंदूत नसलेलं काहीतरी उमटलेलं असतं. ते यंत्राचं आहे, गणिताचं आहे की नमुन्याचं, हे ठरवल्याशिवाय पुढचा काप लावू नका. काप एकदा लेझरखाली गेला की परत मिळत नाही.

आधी लक्षणं नीट बघा

- आडवे पट्टे: एक ओळ उजळ, शेजारची फिकट. शरीररचनेशी काही संबंध नाही.
- शेपटी: उजळ भाग संपला तरी लेझर ज्या दिशेने जातो त्या बाजूला रंग ओघळलेला. विरुद्ध कड मात्र धारदार.
- जाळी किंवा लहरी: ठरावीक अंतरावर गडद-फिकट-गडद.
- उतार: नकाशाचा वरचा भाग उजळ, खालचा हळूहळू मावळलेला.
- करवती कड: एकाआड एक ओळ डावी-उजवीकडे सरकलेली.
- उघड्या काचेवरही लोह किंवा जस्त दिसणं.
- कापाच्या कडेला उजळ किनार आणि आत जस्त अपेक्षेपेक्षा कमी.
- लोहाचे सुटे, झगझगीत ठिपके.

पहिली पाच लक्षणं स्कॅनच्या दिशेला धरून राहतात, शेवटची तीन नमुन्याला किंवा काचेला. काप फिरवला तर पहिल्या गटातला दोष जागचा हलत नाही, दुसऱ्या गटातला कापाबरोबर फिरतो. पुढची सगळी शोधाशोध या एका फरकावर उभी आहे.

पहिली पायरी: आहे तोच डेटा, खर्च शून्य

नकाशा बंद करा आणि कच्चे काउंट्स (डिटेक्टरने मोजलेले आयन) उघडा. पट्टा दिसतो ती एक ओळ आणि तिच्या शेजारची एक ओळ काळाच्या अक्षावर एकाखाली एक काढा. मग तोच पट्टा कार्बन-१३ आणि फॉस्फरस-३१ मध्येही आहे का ते बघा.

सगळ्या मूलद्रव्यांत एकाच ओळीत, साधारण एकाच प्रमाणात घट असेल तर अडचण वाहतुकीत किंवा लेझरमध्ये आहे. कापातून उडालेला माल प्लाझ्मापर्यंत कमी पोचला. फक्त लोहात किंवा फक्त तांब्यात असेल तर नळ्या तपासत बसू नका. तो स्पेक्ट्रमचा किंवा दूषणाचा प्रश्न आहे. या एका तुलनेने निम्मं काम होतं, तरी लोक ती सोडून थेट कोन (प्लाझ्मातून आयन आत घेणारे धातूचे शंकू) काढायला धावतात.

त्याच बैठकीत ब्लँक कसा वजा झालाय तेही पाहा. प्रत्येक ओळीआधी लेझर बंद असताना किमान १० ते १५ सेकंद सिग्नल घेतलेला असावा आणि तो त्याच ओळीतून वजा व्हावा. सगळ्या नकाशासाठी एकच सरासरी ब्लँक वापरला तर पार्श्वभूमीचा सावकाश बदल पट्ट्यांच्या रूपात वर येतो, विशेषतः लोह-५६ मध्ये. ओळींच्या मधल्या विश्रांतीत आधीच्या ओळीची शेपटी शिरत असेल तर ब्लँक फुगतो आणि पुढची ओळ उगाच फिकी पडते.

करवती कड असेल तर तुम्ही जाता-येता दोन्ही दिशांनी स्कॅन केलंय. ४ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या एक मीटर नळीत साधारण १२.६ मिलिलिटर वायू मावतो. प्रवाह मिनिटाला ०.८ लिटर असेल तर ती नळी पार करायला जवळपास एक सेकंद लागतो. लेझरचा वेग सेकंदाला ४० मायक्रोमीटर असेल तर जाताना नकाशा ४० मायक्रोमीटर एकीकडे सरकतो, येताना तेवढाच दुसरीकडे. शेजारच्या ओळींत ८० मायक्रोमीटरची फारकत पडली. सॉफ्टवेअरमध्ये वेळेची दुरुस्ती करा, किंवा सरळ एकाच दिशेने स्कॅन करा. मेंदूच्या कापासाठी एकाच दिशेचा स्कॅन बरा. परतीचा वेळ वाया जातो असं वाटतं, पण तोच वेळ ब्लँकला कामी येतो.

आता आयसोटोपची गुणोत्तरं. यासाठीही नवीन मोजमाप लागत नाही, मूळ पद्धतीत दोन-दोन आयसोटोप घेतलेले असले की झालं. निसर्गात लोह-५६ आणि लोह-५७ यांचं गुणोत्तर सुमारे ४३.३, तांबे-६३ आणि तांबे-६५ यांचं २.२४, जस्त-६४ आणि जस्त-६६ यांचं १.७७. गुणोत्तराचाच नकाशा काढा. यंत्राच्या वस्तुमान-पक्षपातामुळे (हलके आणि जड आयन सारखे न मोजल्यामुळे) तो काही टक्के सरकलेला असेल, हरकत नाही. पण तो सगळीकडे सपाट असायला हवा. त्यात मेंदूची आकृती दिसू लागली तर तिथे दुसरंच काहीतरी मोजलं जातंय.

प्लाझ्मातले आर्गॉन आणि ऑक्सिजन एकमेकांना चिकटून वस्तुमान ५६ वर येतात, कॅल्शियम आणि ऑक्सिजन मिळूनही. आर्गॉन आणि सोडियमची जोडी ६३ वर बसते. फॉस्फरसला दोन ऑक्सिजन चिकटले तर तेही ६३ वरच, आणि मेंदूत फॉस्फोलिपिड भरपूर असल्याने हा धोका मेंदूच्या पांढऱ्या भागात (मज्जातंतूंच्या जुडग्यांत) खरा आहे. तांबे-६३ चा नकाशा फॉस्फरसच्या नकाशासारखा दिसत असेल आणि तांबे-६५ चा तसा नसेल तर ६५ वर विश्वास ठेवा. गंधकाच्या जोड्या ६४ वर येतात, म्हणून जस्तासाठी ६६ बरं. मँगॅनीजला एकच स्थिर आयसोटोप आहे, त्यामुळे तिथे गुणोत्तराची सोय नाही. तिथे पोटॅशियम-३९ सोबत मोजा. पोटॅशियम आणि ऑक्सिजन मिळून ५५ वर येतात, तेव्हा दोन्ही नकाशे हुबेहूब दिसले तर मँगॅनीजबद्दल काही लिहू नका.

उपाय म्हणजे टक्कर-कक्षात (या चिकटलेल्या जोड्या वायूवर आदळवून अडवणाऱ्या भागात) हेलियम किंवा हायड्रोजन सोडणं. वायू चालू केल्यावर १५ ते २० मिनिटं स्थिर होऊ द्या आणि संवेदनशीलता किती घटली ते पुन्हा मोजा. मँगॅनीज मेंदूत मुळातच फार थोडं असतं, त्यामुळे वायू जास्त झाला की आधी तेच हरवतं.

डेटातलं शेवटचं एक: उजळ भागाभोवती नकाशावरच्या समोच्च रेषेसारखी अचानक पायरी दिसत असेल तर डिटेक्टर पल्स मोजणीतून (एकेक आयन मोजण्यातून) अ‍ॅनालॉगमध्ये (एकूण प्रवाह मोजण्यात) जाताना दोन्ही मापं जुळत नाहीयेत. कच्च्या काउंट्समध्ये ती पायरी नेहमी एकाच उंचीवर येते. पल्स-अ‍ॅनालॉग गुणांक नव्याने काढला की ती जाते.

दुसरी पायरी: कागद-पेन्सिल

जाळी आणि लहरींचं मूळ जवळजवळ नेहमी वेळेच्या गणितात सापडतं. क्वाड्रुपोल (वस्तुमानानुसार आयन गाळणारा भाग) एका वेळी एकच वस्तुमान बघतो, लेझर ठोके देत असतो, आणि दोघांचा ताल जुळला नाही की लहर उमटते.

लेझर २० हर्ट्झवर म्हणजे दर ५० मिलिसेकंदांनी एक ठोका. सगळ्या वस्तुमानांचा एक फेरा २३० मिलिसेकंदांचा असेल तर एका फेऱ्यात ४.६ ठोके बसतात. म्हणजे कधी चार, कधी पाच. काप ठेवायचा लेझरचा कक्ष जलद रिकामा होणारा असेल तर हा वीस टक्क्यांच्या आसपासचा फरक थेट नकाशात येतो आणि दर पाच फेऱ्यांनी, म्हणजे १.१५ सेकंदांनी, तोच क्रम फिरून येतो. वेग सेकंदाला ४० मायक्रोमीटर धरला तर लहरींमधलं अंतर ४६ मायक्रोमीटर. तुमच्या नकाशातल्या लहरींचं अंतर मोजा आणि असंच गणित करून बघा. जुळलं तर शोध संपला. फेरा २५० मिलिसेकंदांचा करा, बरोबर पाच ठोके बसतील. किंवा लेझरची वारंवारता वाढवा.

इथे एक चूक वारंवार होते. फेऱ्याची वेळ म्हणजे प्रत्येक वस्तुमानावर थांबण्याच्या वेळांची नुसती बेरीज नाही. एका वस्तुमानावरून दुसऱ्यावर जाताना क्वाड्रुपोल स्थिर व्हायलाही वेळ लागतो. सात वस्तुमानं, प्रत्येकी २ मिलिसेकंद, म्हणजे १४ मिलिसेकंद. ५०० मिलिसेकंद धरलेला फेरा प्रत्यक्षात ५१४ मिलिसेकंदांचा होतो. २०० फेऱ्यांच्या ओळीत २.८ सेकंदांची चूक, म्हणजे ११२ मायक्रोमीटर. ताल बिघडतोच, शिवाय नकाशा एका दिशेने दबतो आणि सूक्ष्मदर्शकाच्या चित्रावर ठेवला की हिप्पोकॅम्पस जागेवर बसत नाही. म्हणून फेऱ्याची वेळ पद्धतीच्या फाइलमधून घेऊ नका. डेटा फाइलमधल्या लागोपाठच्या दोन वेळशिक्क्यांतला फरक घ्या.

शेपटीसाठी वॉशआउट, म्हणजे उडालेला माल कक्षातून निघून जायला लागणारा वेळ, मोजा. जिलेटिनच्या कापावर एकच ठोका द्या, एकच वस्तुमान १० मिलिसेकंदांच्या थांब्याने नोंदवा, आणि शिखरापासून १ टक्क्यावर यायला किती वेळ लागतो ते बघा. १.२ सेकंद आले आणि वेग ४० मायक्रोमीटर असेल तर शेपटी ४८ मायक्रोमीटरची. लेझरच्या ४० मायक्रोमीटरच्या ठिपक्यासाठी ती फार झाली. लेझर आपल्या ठिपक्याइतकं अंतर कापतो तेवढ्या वेळात कक्ष रिकामा व्हायला हवा, असा साधा नियम धरा.

वेग निम्मा केला की शेपटी निम्मी होते, पण किंमत बघा. १० बाय १० मिलिमीटरचा भाग, ४० मायक्रोमीटरचा ठिपका, म्हणजे २५० ओळी. ४० च्या वेगाने प्रत्येक ओळ २५० सेकंदांची, अधिक १५ सेकंद विश्रांती. एकूण साडेअठरा तासांच्या आत काम होतं. २० च्या वेगाने तेच छत्तीस तासांच्या जवळ जातं आणि मग उताराचा दोष बळावतो. म्हणून वेगाला हात लावण्याआधी नळ्या बघा.

तिसरी पायरी: छोटा तुकडा, फिरवून

शेजारचा काप असेल तर त्यावर १ बाय १ मिलिमीटरचा चौकोन निवडा, ज्यात धारदार शारीरिक सीमा येते असा. कॉर्पस कॅलोसम (पांढरा भाग) आणि कॉर्टेक्स (करडा भाग) यांची सीमा चांगली. एकदा नेहमीच्या दिशेने, आणि त्याच्या बाजूलाच दुसरा चौकोन स्कॅन ९० अंशांत फिरवून. ४० च्या वेगाने प्रत्येक चौकोनाला सुमारे १७ मिनिटं लागतात. शेपट्या स्कॅनबरोबर वळल्या तर यंत्राच्या, सीमेला चिकटून राहिल्या तर मेंदूच्या. पूर्ण नकाशा लावण्याआधी ही अर्ध्या तासाची गुंतवणूक प्रत्येक नव्या प्रकल्पात करावी.

चौथी पायरी: नळ्या, सांधे, कोन

नळी लांब असली की सिग्नल उशिरा येतो. शेपटी मात्र मुख्यतः मिसळण्यातून येते, म्हणजे रुंद होणारे सांधे, टी-जोड, तीव्र वळणं आणि कक्षातला मृत कोपरा यांतून. लांबी कमी करा, पण आधी जोड कमी करा. सिग्नल गुळगुळीत करणारं साधन नळीत बसवलं असेल तर ते लहरी लपवतं आणि शेपट्या वाढवतं. ताल जुळवून झाला असेल तर ते काढून बघा.

गळती शोधायला लेझर बंद ठेवून वस्तुमान ५४ बघा. तिथे आर्गॉन-नायट्रोजनची जोडी येते, म्हणजे बाहेरची हवा. एकेक सांधा बोटांनी दाबत जा. जिथे दाबल्यावर सिग्नल खाली येतो तिथली सील बदला. कक्ष उघडून नवा काप ठेवल्यावर ही रेषा सपाट होईपर्यंत थांबा, अर्धा तास लागला तरी. पहिल्या काही ओळीच बिघडलेल्या आणि नंतर सगळं ठीक, असं दिसत असेल तर बहुधा ही घाई झालेली असते.

उतारासाठी नमुना कोन आणि स्किमर कोन काढून बघा. कार्बनचा काळा थर दिसला तर उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे स्वच्छ करा. टोकाच्या भोकाला काहीही खरवडू नका. साफ केलेले कोन लगेच नकाशाला लावू नयेत. थोडा वेळ ऊतक उडवून त्यांना स्थिर होऊ द्यावं. जुळणीसाठी निस्ट ६१२ (मूलद्रव्यांचं प्रमाण ठाऊक असलेली प्रमाणित) काच वापरता येते. थोरियम ऑक्साइडचं प्रमाण १ टक्क्याखाली, युरेनियम आणि थोरियमचं गुणोत्तर १ च्या जवळ असावं. ही काच यंत्र जुळवायला आणि उतार पकडायला आहे. तिच्यावरून मेंदूतलं लोह मोजायला जाऊ नका, काच आणि ऊतक लेझरखाली अगदी वेगळं वागतात.

दर २० ओळींनंतर जिलेटिन मानकाची (ठरावीक प्रमाणात धातू मिसळलेल्या जिलेटिनची) एक छोटी ओळ टाका. १० टक्क्यांपर्यंतचा सरळ उतार गणिताने काढता येतो. त्याहून जास्त, किंवा वाकडातिकडा असेल तर तो नकाशा दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये.

पाचवी पायरी: लेझरची ऊर्जा आणि काच

उघड्या काचेवर धातू दिसत असतील तर सिलिकॉन-२९ मोजायला घ्या. ऊतक काचेपेक्षा बऱ्याच कमी ऊर्जेत उडतं. ऊर्जा जास्त ठेवली की लेझर काचेत शिरतो, आणि साध्या स्लाइडच्या काचेत लोह असतंच. कापाच्या कोपऱ्यात एकेक ओळ ०.३, ०.५, ०.८, १.० आणि १.५ जूल प्रति चौरस सेंटिमीटर या ऊर्जेने काढा. सिलिकॉन वर यायला लागतो त्याच्या एक पायरी खाली थांबा. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघा. ऊतक पूर्ण गेलं पाहिजे. त्याच ओळीवरून लेझर दुसऱ्यांदा फिरवला तर फॉस्फरस ब्लँकइतका यायला हवा. उरलेलं ऊतक म्हणजे कमी मोजलेला धातू, आणि पांढऱ्या-करड्या भागात ते वेगवेगळं उरतं, त्यामुळे ही चूक शारीरिक फरकाचा वेष घेऊन येते.

कार्बन-१३ ने भागलं की सगळं ठीक होतं, अशी समजूत आहे. करड्या भागात पाणी सुमारे ८० टक्के, पांढऱ्यात सुमारे ७०, आणि पांढऱ्यात चरबी जास्त. म्हणजे कार्बन स्वतःच मेंदूभर सारखा नाही. शिवाय त्याचा काही भाग कण न होता वायू होऊन जातो, धातू तसे जात नाहीत. कार्बनने भागलेला नकाशा ठेवायचा तर न भागलेलाही शेजारी ठेवा.

सहावी पायरी: नमुना

ही सर्वांत महाग, कारण इथली चूक कापून झाल्यावर सुधारत नाही. कडेची उजळ किनार आणि आत कमी जस्त हे फॉर्मलिनमध्ये किंवा बफरमध्ये दीर्घकाळ ठेवलेल्या मेंदूचं लक्षण आहे. सैल बांधलेले धातू द्रावणात निघून जातात आणि द्रावणातले आत येतात. शक्य असेल तिथे ताजा मेंदू झटपट गोठवा आणि उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास २० ते ३० मायक्रोमीटरचे काप घ्या. साध्या पोलादी पात्यातून लोह आणि क्रोमियम येतं, टेफ्लॉनचा लेप असलेलं पातं घ्या. क्रोमियम-५२ मोजलंत तर पात्याचं दूषण लगेच ओळखू येतं: लोहाच्या ठिपक्यावर क्रोमियमही चमकलं तर तो पात्याचा कण. क्रोमियम नाही आणि ठिपके रक्तवाहिन्यांच्या वाटेवर असतील तर ते रक्त आहे, रक्त न धुता काढलेल्या मेंदूत ते असणारच. गोठवण्याचा ओसीटी जेल फक्त तळाला चिकटवण्यापुरता वापरा, कापाभोवती नको. कापावर काचपट्टी आणि चिकटद्रव अजिबात नको.

हिप्पोकॅम्पसच्या मॉसी तंतूंमध्ये टिम रंगक्रियेसारखा लखलखीत पट्टा दिसला नाही म्हणून नमुना वाया गेला असं समजू नका. टिम रंगक्रिया सैल जस्त दाखवते, आणि मेंदूतलं बहुतांश जस्त प्रथिनांत घट्ट बांधलेलं असतं. लेझर सगळं मोजतो, त्यामुळे फरक सौम्यच दिसतो.

मानकंही याच दोषाला बळी पडतात. जिलेटिनचा थेंब काचेवर वाळवला की धातू कडेला गोळा होतात. म्हणून १० टक्के जिलेटिन गोठवून कापाइतक्याच जाडीत कापा, आणि मानकाच्या मधल्या भागातूनच ओळ घ्या. सरळ रेषेत बसलेले बिंदू म्हणजे मानक एकसारखं आहे याचा पुरावा नव्हे. प्रत्येक पातळीवर तीन ओळी घ्या आणि त्यांच्यातला फरक बघा.

कुठे थांबायचं

लेझरच्या पेटीतले आरसे, भिंगं आणि सुरक्षा कुलुपं यांना हात लावू नका. १९३ नॅनोमीटरच्या एक्सायमर लेझरमध्ये फ्लोरिन असतो. वायू बदलणं, गळतीचा वास, निकासाचा बिघाड, ही सगळी प्रशिक्षित अभियंत्याची कामं आहेत. ठरवलेली ऊर्जा आणि मोजलेली ऊर्जा यांत तफावत वाढत असेल, ठिपका गोल न येता अर्धचंद्रासारखा येत असेल, तरीही तोच रस्ता. प्लाझ्मा वारंवार विझणं, निर्वात पंपाचा बदललेला आवाज, निर्वाताचा दाब चढत जाणं, डिटेक्टरचं व्होल्टेज कमाल मर्यादेजवळ पोचणं, यांपैकी काही दिसलं तर यंत्र बंद करून सेवा विभागाला कळवा. पुन्हा पुन्हा पेटवून बघू नका.

मानवी मेंदूचा नमुना असेल आणि प्रायॉन (संसर्ग पसरवणारं विकृत प्रथिन) आजाराची शंका असेल तर काप लावण्याआधीच जैवसुरक्षा अधिकाऱ्याशी बोला. फॉर्मलिनने प्रायॉन निष्क्रिय होत नाहीत, आणि लेझर ऊतकाची सूक्ष्म धूळ करतो.

आणि सगळं तपासूनही एखादा बारीक पट्टा शरीररचनेबरोबर फिरत राहिला, गुणोत्तर बरोबर आलं, दुसऱ्या कापातही दिसला, तर यंत्राची तपासणी थांबवा. शेजारचा काप निस्ल रंगक्रियेला (चेतापेशी दाखवणाऱ्या) द्या आणि सीमा ठरवायला चेतारचनातज्ज्ञाला बसवा. एकेका पेशीच्या आतलं वितरण हवं असेल तर हे यंत्र त्यासाठी नाही. त्यासाठी सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरण प्रतिदीप्तीचा वेळ मागावा लागेल.